डोंगा गाडीत, बाया एसटीत

…अन् डोंग्याले गाडीत जागा, आमाले नाई! आता सांगा, हे कोन्त्या कायद्यात बसते? नाई, बसते. बरोबर कायद्यात बसते, हेच तं दुखनं आहे! कायद्यात नसतं बसत तं मी भांडली असती ना जी, मले भांडाले काय लागते…

हसू नका. आधी आयका, मंग हसा.

तुमाले सांगतो, माहं नाव उर्वशी. आता नाव उर्वशी ठेवून बापानं मोठा घोळ करून ठेवला, कारन इंद्राच्या दरबारातून काई बोलावनं आलं नाई, बोलावनं येते ते पंचायत समितीतून, 'ताई, गटाच्या बाया घेऊन या, टाळ्या वाजवाले मानसं कमी आहेत.' तं अशी मी, आमच्या सावली तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाची अध्यक्ष. गावाले तलाव आहे, मोठा. आजपावेतो तलाव म्हंजे मच्छी संस्थेचा, अन् संस्था म्हंजे गुणवंतरावभाऊ. बाईनं तलावात काय कराचं? भांडे घासाचे, कपडे धुवाचे, अन् घरी जाचं. अन् अशात पर्यटनाच्या योजनेतले एक साहेब आले, म्हने, इथं नौकाविहार करू, चंद्रपूरले एक कयाक, म्हंजे एका मानसाची होडी, आमच्या भाषेत डोंगा, आली आहे, जो गट ती सुरक्षित आनून चालवून दाखवंल, त्याले तलावाचं काम. शनिवारी दुपारी मी स्वतः पाहाले येतो. नाई तं काम संस्थेले.

गुणवंतरावभाऊ तिथंच खुर्चीवर. मिशीत हसले अन् म्हने, "बायाईच्या हातानं डोंगा? आना बाप्पा. आमी वाट पाहून राह्यलो."

झालं! हे असं कोनी म्हटलं का मले काई सुचत नाई. मी म्हटलं, आनतो. साहेब फोनवर म्हने, (ते पुन्याकडचे आहेत, त्यायचं बोलनं इस्त्री केल्यावानी), "ताई, एकच लक्षात ठेवा. सुरक्षित आणा. नियमात आणा."

सुरक्षित आणा, नियमात आणा! हे दोन शब्द आता मले झोपीतही आयकू येते.

मंग काय, लच्छूभाऊची पिकअप ठरवली. शनिवारी सकाळीच निंघालो, मी, मंगली, गुणाबाई अन् गटाच्या आनखी दोन बाया. मागं गाडीत तनस भरलं, धानाचं, मऊ, डोंग्याले खरोच पडू नाई म्हनून, अन् त्या तनसावर आमी बसलो, गाने म्हनत, कारन धानाच्या रोवनीले रोज अशाच तं जातो आमी, त्यात काय एवढं? मंगली डोक्यानं तेज, तोंडानं त्याच्याहून तेज. गुणाबाई म्हंजे गटातली मोठी, गुडघे गेलेले, पन सल्ला देनं काई गेलेलं नाई.

चंद्रपूरले पोहचलो तं ते… आता काय सांगू! पिवळं धम्मक, प्लॅस्टिकचं, केळ्यावानी लांब, अन् मधात भोक. गुणाबाई म्हने, "हे कुठून फाटलं व?" मी म्हटलं, ती बसाची जागा होय. त्याच्यासंग एक वल्हं, दोन्ही कडून पातं असलेलं, अन् नारंगी जाकिटं, पान्यात घालाचे, बुडू नाई म्हनून. डोंगा ठेवला गाडीत, तं अर्धा गाडीत अन् अर्धा हवेत!

मी म्हटलं, लाल फडकं बांधू. मागच्या गाडीवाल्याले दिसंल. गुणाबाईच्या पिशवीत लाल खन होता, लेकीच्या घरून आलेला, ब्लाउजाचा, कोरा. तिच्या जिवावर आलं, पन देला. बांधला शेपटीले. लच्छूभाऊ म्हने, "फडकं बांधलं म्हनून कायदा आंधळा नाई होत, बाई. मागं एवढं लोंबलं तं मी गाडी सुरू नाई करत."

मंग उतरवा. मंग तिरपा चढवा, नाक वर क्याबिनीच्या लोखंडी चौकटीवर, शेपूट खनासकट खाली गाडीच्या फाटकाच्या आत. नाकाले दोर, कमरेले पट्टा, शेपटीले दोर. पट्ट्याले पीळ दे म्हने लच्छूभाऊ, नाई तं वाऱ्यानं भुंग्यावानी कोकलते. देला. मी हालवून पाह्यलं तं डोंगा नाई हालला, गाडी हालली! खाली तनस, आजूबाजूनं तनस, वरून ताडपत्री, लग्नातल्या नवरदेवाचंही कोनी एवढं केलं नसंल. अन् वल्हं लांब, ते बाहीर नाई निंघाले पाह्यजे म्हनून मी हातात धरलं, अन् सगळ्या चढून त्या तनसावर बसलो, डोंग्याले दोन्ही कडून पकडून. मी साहेबाले फोन केला, म्हटलं, साहेब, निंघालो. सुरक्षित. नियमात.

हे तोंड, हे! या तोंडाले कुलूप लावाले पाह्यजे होतं.

मूलच्या रस्त्यानं जंगल लागते ना, तिथं जंगलखात्याचा नाका. गार्डानं हात देला. जागचा हालला नाई, नुस्ता पाहे. डोस्क्यात त्याच्या काय चालू होतं, मले आता समजते. पाहा तुमीच, लांबचलांब गोल काईतरी, तनसात दाबलेलं, वरून ताडपत्री, अन् त्याच्यावर पाच बाया गरीब चेहरा करून बसलेल्या. हे काय असते जी आपल्या इकडं? सागवान! चोरीचं सागवान असंच तं जाते! आमी सुरक्षित न्याच्या नादात चोरानं जसं बांधाचं, तसंच बांधलं होतं, हुबेहूब!

गार्ड म्हने, "काय आहे खाली?"

मी म्हटलं, डोंगा.

"डोंगा? कोन्त्या झाडाचा?"

"झाडाचा नाई जी, प्लॅस्टिकचा."

"प्लॅस्टिकचा डोंगा." असं म्हनून तो हसला बी नाई. म्हने, "अन् मंग तनसात काऊन लपवला?"

काय सांगाचं? लपवला नाई, झोपवला! पन हे सरकारी मानसाले सांगता येते का? खाली उतरा, ताडपत्री काढा, तनस काढा. तनस उडालं रस्त्यावर, कुठून बम गाई-म्हशी आल्या, सडकेवर पंगत बसली. तो पिवळा निंघाला, तं गार्डानं टकटक वाजवून पाह्यलं. मंग भोकात डोकावला. मंग इकडं तिकडं पाहून हळूच म्हने, "यात मानूस बसते का?" अन् बसला! युनिफॉर्म घालून, गाडीत ठेवलेल्या डोंग्यात! माहं वल्हं घेतलं, मंगलीले मोबाइल देला, म्हने, "ताई, एक काढा, जंगल मागं आलं पाह्यजे." मंगलीनं काढला. मंग त्यानंच आमाले दोर बांधून देले, अन् जाताना हात हालवला, सासरी चाललेल्या लेकीले हालवते तसा.

मी म्हटलं, चला, एक संकट गेलं. आता सुरक्षित, आता नियमात!

मूलच्या अलीकडं पोलीस. बाईच होती, पोलीसबाई. तिनं गाडीभोवती चक्कर मारली. नाक पाह्यलं, शेपूट पाह्यली, पट्टा ओढून पाह्यला, लच्छूभाऊचे कागद पाह्यले. अन् म्हने, "वा. असा बांधलेला माल मी आजपर्यंत नाई पाह्यला. कोनी बांधला?"

आता मी कायची चूप राहातो! म्हटलं, आमी. पाहा म्हटलं म्याडम, काईच लोंबत नाई, काईच हालत नाई, सगळं नियमात.

ती म्हने, "हाव. माल नियमातच आहे. तुमी नाई."

"आँ?"

"मालाच्या गाडीत मागं मानसं बसवत नाई, बाई. गाडी उलटली तं डोंगा बांधलेला आहे, त्याले काई होनार नाई. तुमी कुठी बांधल्या आहा?"

अन् मंगली! तिच्या जिभेले हाडच नाई! म्हने, "म्याडम, आमी रोवनीले रोज अशाच जातो." रोज! म्हंजे एक गुन्हा होता, तिनं वर्षाचे सांगून टाकले! पोलीसबाईनं कपाळाले हात लावला. भली होती बिचारी, लच्छूभाऊले दम देऊन सोडलं, पन आमाले उतरवलं. समोर क्याबिनीत एकच बाई बसू शकते म्हने, बाकीच्या एसटीनं जा.

तुमाले खरं सांगतो, रस्त्याच्या कडेले उभी राहून मी त्या पिवळ्याकडं पाह्यलं. पट्टा कमरेले, दोर नाकाले, मऊ तनस बुडाखाली. अन् मी? एवढ्या वर्षांत एखांद्या मानसानं मले इतक्या काळजीनं कुठी नेलं नाई जी! हाडं खिळखिळी होईस्तोवर बसली गाड्याईत, अन् कधी मनात आलं नाई का आपल्यालेही कोनी बांधून न्याव.

जाऊ द्या.

मंग समोर कोन बसनार? गुणाबाई. गुडघे तिचे गेलेले, तिलेच बसवलं. मी म्हटलं, गुणाबाई, तलावावर पोहचली का डोंग्याले कोनाले हात लावू देऊ नको. साहेब यायच्या आधी आमी येतोच. तिनं मान हालवली. गाडी गेली. अन् गाडी वळनावरून दिसेनाशी झाली तेव्हा मंगली म्हने, "काकी, गुणाबाई तं गुणवंतरावभाऊची भावसून व्हय ना?"

मी वल्हं घेऊन तशीच गाडीमागं पळाली, पन गाडी आता कायची दिसते!

तो तिचा भासरा, जी! नवऱ्याचा मोठा भाऊ! अन् आमच्याकडं भासऱ्यासमोर बाई बोलत नाई. गुणाबाई तं लग्न झाल्यापासून त्यायच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन भिताडाकडं तोंड करून उभी राहाते. अख्ख्या गटात जी एक बाई त्या मानसाले 'नाई' म्हनू शकत नाई, तिलेच आमी राखन म्हनून पाठवली! फोन लावा तं गुणाबाईजवळ फोन नाई, लच्छूभाऊ गाडी चालवताना उचलत नाई. काऊन? नियम!

एसटी आली, खच्चून भरलेली. वल्हं आत जाईना, तिरपं करून घातलं, एका म्हाताऱ्याच्या टोपीले लागलं. जाकिटं धराले हात नव्हते म्हनून आमी अंगातच घातले. नारंगी जाकिटं घालून चार बाया एसटीत उभ्या! कंडक्टर आला, खालून वर पाह्यलं, अन् म्हने, "बाई, बस बुडून राह्यली का?"

अख्खी बस हसली. मी बी हसली, काय करता. पन माह्या डोयापुढं नुस्ते गुणवंतरावभाऊ, मिशीतले, अन् साहेब त्यायले हार घालून राह्यले, 'वा, सुरक्षित आणली, नियमात आणली!' अन् मंग आमी काय, पुन्हा भांडे घासाले.

फाट्यावर उतरलो अन् पळत सुटलो. तलावाच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, चढलो तं… साहेब उभे. संस्थेचे मानसं उभे. गुणाबाई पदर घेऊन चिंचेच्या झाडाकडं तोंड करून उभी. अन् डोंगा? डोंगा तलावाच्या मधात. अन् त्याच्यात कोन? गुणवंतरावभाऊ!

साहेबासमोर बसून दाखवतो म्हने, अन् बसले. मानसाईनं धक्का देला. डोंगा सुटला असा सुळकन, अन् गेला मधात. अन् मंग भाऊच्या ध्यानात आलं का वल्हंच नाई! वल्हं कुठी? माह्या खांद्यावर, मूलच्या एसटीत! हातानं पानी मारत तं डोंगा जागच्या जागी भोवरा. वाऱ्यानं नेऊन शिंगाड्याच्या वेलात घातला. आता भाऊले पोहता येते जी, पन साहेबासाठी पांढरे कपडे घातलेले, अन् उठाले गेले का डोंगा म्हने मी पलटतो. तं बसल्या जागी मागं रेलून शेपटीचा लाल खन सोडला अन् तो हालवून राह्यले, लाल झेंड्यावानी!

साहेब माह्याकडं पाहून म्हने, "ताई, यांच्याकडे वल्हं नाही, जाकीट नाही. हे काय चाललंय?"

जाकीट अंगात होतंच. मंगलीले घेतलं, काठावरचा जुना लाकडी डोंगा लोटला, अन् त्या नव्या वल्ह्यानं मारत गेलो. लहानपनी बापासंग तलावात गेली होती मी, हात इसरला नव्हता. जवळ गेलो तं भाऊ हळूच म्हने, "उर्वशी, वल्हं दे इकडं. मी आनतो काठाले."

मी म्हटलं, "वल्हं नाई भेटत, भाऊ. आधी बांधा लागते. मोकळा माल नेता येत नाई, कायदा आहे."

भाऊनं काठाकडं पाह्यलं. काठावर मानसं. शिंगाड्यावर एक बगळा, तो बी पाहून राह्यला. मंग भाऊ म्हने, "बांध बाई."

तोच दोर, तेच नाक. बांधला अन् आनला ओढत. सगळ्या गावासमोर. सुरक्षित!

काठाले आल्यावर मी गुणाबाईले धरलं, म्हटलं, गुणाबाई, भासरा असला म्हनून काय झालं, लच्छूभाऊले तरी सांगाचं, अडवाचं तं होतं! गुणाबाईनं पदर जरासाक सरकवला, अन् म्हने, "काऊन अडवू? वल्हं तुह्याजवळ होतं, हे मले मालूम होतं ना." अन् पुन्हा झाडाकडं तोंड करून उभी! मंग जराशानं मागूनच म्हने, "माहा खन वला केला त्यानं."

तं काम आमाले भेटलं. हाव, भेटलं. तलावाचं काम आता गटाचं. साहेबानं सगळ्यायसमोर सांगितलं, माहा हात हातात घेतला, मंगली रडाले लागली, मी बी लागली असती, पन साहेब पुढं बोलून राह्यले ना. म्हने, "ताई, तुमच्यावर माझा विश्वास बसला. आणखी तीन कयाक मंजूर करतो. सोमवारी चंद्रपूरहून घेऊन या." अन् गाडीत बसता बसता काच खाली केली…

हाव, तेच म्हटलं त्यानं. तुमाले पाठ झालं असंल आता.

तं मी गटाले सांगून टाकलं, बायाहो, सोमवारी सकाळी तीन डोंगे लच्छूभाऊच्या गाडीत पट्टे बांधून, तनसात, आरामानं येतीन. अन् आपन एसटीनं. जाकिटं घरूनच घालून या, बसमधी हात मोकळे राहात नाई.