रिकाम्या घरातला पंखा

सरकारी जागेवर बांधलेल्या नव्या, स्वस्त घरांच्या किल्ल्या मिळत होत्या. रांगेत माझ्या पुढे एक आजी होत्या. खिडकीतल्या इंजिनिअरने त्यांची किल्ली हातातच धरून ठेवली होती.

“आजी, तळमजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यावरचं घर घेता का?”

“का हो? ओल येतेय?”

“छे, हरित इमारतीचे सगळे नियम पाळलेत. खोलीत कुणाच्या श्वासाने हवा कोंदली, की पंखा आपोआप सुरू होतो.”

“मग चांगलंच की!”

“पण तुमच्या घराला महिनाभर कुलूप आहे. तरी पंखा रोज दुपारी दोन तास फिरतो. यंत्र तीनदा बदलून झालं.”

“इथे आधी इस्पितळ होतं ना?”

“हो. तुमच्या घराच्या जागी लहान मुलांचा वॉर्ड होता.”

“ठाऊक आहे मला. माझी धाकटी तिथेच गेली. दुपारची झोपली, ती उठलीच नाही.”

“अरेरे! मग तर वरचंच घर घ्या, आजी.”

“आणा ती किल्ली इकडे.”

त्याने किल्ली दिली. आजींनी ती मुठीत घट्ट धरली.

“आणि तो पंखा बंद ठेवता येतो ना हो? तिला वारं सोसत नाही.”