सात मिनिटं उशिरा वाजलेली घंटा

आमच्या वाइलोतो गावच्या पंचायतीचे प्रमुख आणि आजच्या सभेचे अध्यक्ष सन्माननीय लेमालू. समुद्राच्या बाजूच्या चटयांवर बसलेले सर्व घरांचे कर्ते पुरुष. शेजारच्या सालेफू गावाहून मुद्दाम आलेल्या, तिथल्या महिला समितीच्या अध्यक्षा आवेओलेलाबाई. आमच्या समितीच्या भगिनींनो. मागच्या खांबाला टेकून चिप्सची पिशवी हळूच फोडणाऱ्या आणि या म्हाताऱ्या तिरेसाला, म्हणजे मला, ऐकू येत नाही असं समजणाऱ्या आमच्या किरिकिती संघातल्या मुलींनो. आणि उद्या सकाळच्या बोटीने जी निघाली आहे, जिच्यासाठी आपण सारे जमलो आहोत, ती सेफिना. सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षमहाराज, आपण मला पंधरा मिनिटं दिली आहेत. खांबावरच्या घड्याळात सहाला दोन कमी आहेत. सव्वासहाला पहिली घंटा. तेव्हा मला घाई आहे, आणि घंटेची ती सळई आपण आपल्या पुढ्यात केळीच्या पानावर ठेवल्यामुळे माझं लक्षही धड नाही. ते जाऊ दे.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला शिकवायच्या, की निरोपाच्या भाषणात आधी गुण सांगावेत, मग शुभेच्छा द्याव्यात आणि खाली बसावं. त्यांच्या वर्गात मी नावडती होते.

ही मुलगी दोन वर्षांपूर्वी ऑकलंडहून आली ती आजारी आजीला सांभाळायला. येताना काय आणावं? चटया! रबराच्या, गुंडाळलेल्या! ज्या गावात बाई जन्मभर चटया विणते आणि शेवटी चटईतच गुंडाळली जाते, तिथे हिने चटया आणल्या. तिकडे ती नेटबॉल खेळायची. गुडघा गेला, तेव्हा खेळाडूंना मन ताळ्यावर कसं ठेवायचं ते शिकवायला लागली. याच समिती-घरात तिने पहिला वर्ग घेतला. म्हणाली, "डोळे मिटा आणि श्वास आत येतोय त्याकडे लक्ष द्या." आमच्या संघाची कर्णधार लुसिया म्हणाली, "आणि नाही दिलं, तर तो यायचा थांबतो का गं?"

मी नर्स. चौतीस वर्षं जिल्ह्याच्या दवाखान्यात नाड्या मोजल्या. लोकांचा श्वास थांबतो तो लक्ष न दिल्यामुळे नव्हे, हे मला तिथे कळलं होतं. वर तिच्या फोनमध्ये एक घंटा होती. ती टुंग करून वाजली, की आपण म्हणे या क्षणात परत यायचं. मी म्हटलं, "पोरी, माझ्या घरासमोर नीरफणसाला घंटा म्हणून गॅसचं रिकामं सिलिंडर टांगलंय. त्याला चार्जिंग लागत नाही." शांत कसं बसावं ते आम्हाला शिकवायला आली होती! आम्हाला, ज्यांच्या गावात रोज संध्याकाळी 'सा', प्रार्थनेची शांत वेळ, पाळतात!

एकतीस वर्षं त्या सिलिंडरवर मी सळई मारली. पहिली घंटा म्हणते, हातातलं टाका, घरी जा. दुसरी म्हणते, बसा, प्रार्थना करा, गप्प राहा. दहा मिनिटांनी तिसरी म्हणते, उठा. मधल्या वेळात रस्त्यावर कुत्रासुद्धा दिसता कामा नये. फिलिपिनो मालिकेतली नायिका कड्याला लोंबकळत असली, तरी सव्वासहाला ठण्ण. तिचा हात सुटला की नाही, ते दुसऱ्या दिवशी बघा. तुम्ही मला किती शिव्या घातल्या आहेत, ते मला माहीत आहे. माझं घर घंटेला लागूनच आहे आणि माझे कान चांगले आहेत, हे मी मघाशीच सांगितलं.

सहा वाजून दोन.

तर मागच्या ऑगस्टमधला तो शनिवार. सालेफूविरुद्ध अंतिम सामना, आमच्याच मैदानात. क्रिकेटला अकराच लागतात, आपल्या किरिकितीला गावात असतील तेवढ्या; सालेफूच्या अठ्ठावीस बायका, आमच्या एकतीस. खाली बसवायचं कोणाला, असा नेहमीचा घोळ. पूर्वी समोरची बाई बाद झाली, की आम्ही टाळ्या पिटून तिच्या आजीपर्यंतचा उद्धार गाण्यात करत असू. आता मुली फोनवर बघितलेला कोरियन पोरांचा नाच करतात. आवेओलेलाबाई, तुम्ही स्वतः बाद झालात तेव्हा माझ्या नातीने तुमच्यासमोर कंबर ज्या प्रकारे हलवली, त्याबद्दल माफी मागायची राहून गेली होती. हसू नका गं. बाई पाहुण्या आहेत.

पहिल्या घंटेला खेळ संपला, हा दोन्ही गावांचा नियम. सव्वासहाला आम्हाला जिंकायला सहा धावा हव्या होत्या. शेवटची जोडी उरली होती, आणि ती तीनधारी बॅट खांद्यावर घेऊन उभी होती ही, एका धड आणि एका मोडक्या गुडघ्यावर. मी झाडाखाली, हातात सळई. घड्याळात सव्वासहा.

लुसिया ओरडली, "मावशी, ठेवा ती सळई खाली! देव काय बोट पकडायला निघालाय? थांबेल की पाच मिनिटं!"

मी सळई खाली ठेवली नाही. आणि वाजवलीही नाही.

अध्यक्षमहाराज, आज बोलायची पाळी माझी आहे, तेव्हा बोलतेच. तुम्ही तिथे मांडवात होतात. तुम्ही मनगटावरचं घड्याळ पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि घड्याळ काढून कनवटीला लावलंत. फादर ढगांकडे बघत होते. त्या सात मिनिटांत दोन गावांत एकालाही वेळ ठाऊक नव्हती.

मी असं का केलं? पंचायतीने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "घड्याळ मागे पडलं होतं." माझं घड्याळ कधी मागे पडत नाही.

बावन्न वर्षांपूर्वी कॉन्व्हेंटच्या मैदानात शेवटची खेळायला मी उरले होते. चार धावा हव्या होत्या. समोरच्या मुलीच्या हातातून चेंडू सुटला, मी बॅट उचलली आणि सहाची प्रार्थनेची घंटा झाली. सिस्टर बेनेडिक्टा म्हणाल्या, "तिरेसा, गुडघे टेक." मी टेकले. चेंडू माझ्या अंगावरून गेला आणि कुंपणाशी जाऊन थांबला. मी प्रार्थना म्हणत त्याच्याकडे बघत होते. मग जेवण, मग अभ्यास, मग बावन्न वर्षं. तो सामना कोणी पुरा केला नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय! मीही तसंच म्हणत आले होते, सळई हातात घेऊन त्या दिवशी उभी राहीपर्यंत.

सहा बावीसला हिने चेंडू समुद्रात टोलवला. मग मी घंटा वाजवली. कधी नव्हे इतकी जोरात.

रविवारी चर्चनंतर बक्षिसाचं डुक्कर आपण भाजून खाल्लं. आवेओलेलाबाई, चविष्ट होतं. सोमवारी तुमची तक्रार आली. ती योग्यच होती. पंचायतीने आमच्या एकेका बाईला उभं करून विचारलं, "घंटा वेळेवर झाली का?" वेळेवर. वेळेवर. अगदी वेळेवर. लुसियाने तर शपथ घेतली, आणि तीही नवऱ्याची, म्हणजे फारसं काही पणाला न लावता. शेवटी हिला विचारलं. जिने त्या धावा काढल्या, तिला!

ही म्हणाली, "सहा बावीसला झाली. सात मिनिटं उशिरा."

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या मनगटावरच्या घड्याळात आहे, मावशी."

"तुझ्या मनगटाला कोणी विचारलंय?"

तर म्हणते कशी, "मावशी, मी रोज सगळ्यांना सांगते, जे आहे ते बघा. मग आज कसं नाही बघायचं?"

तिच्या धावा रद्द झाल्या. सामना सालेफूचा. खाल्लेल्या डुकराच्या बदल्यात लुसियाच्या परसातलं डुक्कर सालेफूला गेलं; ती अजून त्याचं नाव घेऊन उसासे टाकते. आणि माझ्या हातातली सळई वर्षभरासाठी काढून पंचायतीने कोणाला दिली? वेळेची एवढी पक्की आहे, तर हिलाच! त्या दिवसापासून मी हिच्याशी एक शब्द बोलले नाही. गावाने हे वर्षभर पाहिलं आहे. चुलीजवळ त्याची चर्चाही केली आहे.

गावाने जे पाहिलेलं नाही, ते सांगते. सहा वाजून आठ झाले.

दुसरी घंटा वाजली, की वाजवणाऱ्यानेही रस्त्यावर राहायचं नाही. सर्वांत जवळच्या घरात शिरायचं. मी वाजवत होते तेव्हा ते घर माझंच होतं, त्यामुळे हे कधी ध्यानातच आलं नाही. ही पहिल्या संध्याकाळी घंटा वाजवून वळली, तर समोर एकच घर. ती पायरीशी उभी. रस्त्यावर पहाऱ्याची पोरं. आत या म्हणायचं, तर बोलावं लागणार. आणि दुसरी घंटा झाल्यावर बोलायचं नाही! मी एक चटई पायाने तिच्याकडे सरकवली. हो, पायाने. हाताने सरकवण्याइतकी माझी तिच्यावर मर्जी नव्हती.

अशी ती वर्षभर रोज आली. दहा मिनिटं बसायची, तिसरी घंटा वाजवायची आणि जायची. मी जेवढी हिच्यासमोर गप्प बसले, तेवढी माझ्या नवऱ्याशी सगळ्या संसारात बोललेदेखील नाही.

मग मन शांत झालं का? छे! पायाला मुंग्या यायच्या. पाठ खाजायची. हिला काय काय बोलायचं, याची मी मनात सुरेख वाक्यं जुळवायचे, आणि तिसरी घंटा झाली की ती निघून जायची. वाक्यं तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवायचे. दोन-तीन महिन्यांनी ती मलाच शिळी वाटायला लागली. तेव्हा मला कळलं, की एकतीस वर्षांत मी एकदाही 'सा' पाळलेला नव्हता. गावाला बसवत होते आणि स्वतः एक डोळा घड्याळावर ठेवून उकिडवी होते. ज्या बाईने रबराच्या चटयांना हसायचं, तिची ही कथा.

मे महिन्यात हिची आजी गेली. त्या दिवशी घंटा वाजवायला दुसरं कोणी येईल, असं मला वाटलं. पण हीच आली. पहिली वाजवली, दुसरी वाजवली, आत येऊन नेहमीच्या जागी बसली, आणि थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. आवाज नाही. नियमाची पक्की ना! मलाही बोलायची सोय नव्हती. मी तिचं मनगट धरलं. नर्सला दुसरं काय येतं? त्यावर ते घड्याळ होतं, ते वर सारलं आणि खाली नाडी धरली. घड्याळ न बघता नाडी मी जन्मात पहिल्यांदा धरली होती. आकडा ठाऊक नाही. जोरात होती, मग कमी झाली.

त्या संध्याकाळी तिसरी घंटा चार मिनिटं उशिरा झाली. सगळं गाव चौदा मिनिटं बसून होतं. दुसऱ्या दिवशी हिने स्वतः पंचायतीला जाऊन सांगितलं, आणि अध्यक्षमहाराज, आपण म्हणालात, "आमच्या लक्षात नाही आलं." या खेपेला आपण खरं बोलत होता, असं मला वाटतं.

तरीही मी तिच्याशी बोलले नाही. त्यानंतर तीन महिने! सवय झाली होती, दुसरं काय. आणि पहिला शब्द कोणता काढायचा, हे कोणत्याच सिस्टरने शिकवलं नव्हतं.

सहा बारा.

आपण आज सुरुवातीला जाहीर केलंत, की शिक्षा संपली, सळई पुन्हा तिरेसाकडे. मी वर्षभर त्याची वाट पाहिली आहे. आत्ताही बघा, हात तिकडेच जातोय. पण मला अजून बसता येत नाही. एका वर्षात जेमतेम चटईला टेकले आहे. सळई हातात आली, की मी पुन्हा उकिडवी होईन. मी मला ओळखते. तेव्हा उद्यापासून ती लुसियाला द्यावी, अशी माझी पंचायतीला विनंती आहे. किंचाळू नकोस, लुसिया. देव बोट पकडायला निघालेला नाही हे तुला पक्कं माहीत आहे. आता रोज मालिका अर्धी टाकून ऊठ आणि त्याला थांबवून दाखव.

आजच्या तीन घंटा मात्र माझ्या. त्या वेळेवर होतील. कोणालाही घड्याळ कनवटीला लावावं लागणार नाही.

सभेला बोलावल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. आवेओलेलाबाई, सूर्य बुडायच्या आधी घरी पोचायचं सोडून थांबलात, आभार. 'सा' झाल्यावर जेवूनच जायचंय, नारळाच्या दुधातलं, अळूच्या पानांचं पालुसामी चुलीवर आहे. बोलताना मोठ्यांचा मान राहिला नसेल, तर तो दोष कॉन्व्हेंटचा नाही, माझाच आहे, पोटात घाला.

आणि सेफिना, तुझे गुण सांगायचे राहिले, शुभेच्छाही राहिल्या. जे मुख्य म्हणायचं होतं, ते तर तोंडावर येऊनही इथे इतक्या लोकांत निघत नाही. आज तुला घंटेसाठी उठायचं नाही. घरी ये. चटई मी हाताने घालून ठेवली आहे. उरलेलं आपण नेहमीसारखं बोलू.

द्या ती सळई इकडे, अध्यक्षमहाराज. एक मिनिट उरलंय.