रविवार संध्याकाळचा होकार

अगं, माझा मुलगा क्रिप्टोचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या पैशाचं काम करतो. म्हणाला, "आई, तिथं मालक न्हाई. नियम बदलायचा तर जगभरचे कॉम्प्युटर आधी 'तयार हाय' कळवतात. पुरेसे होकार आले, की ठरल्या वेळी नियम लागू."

मी म्हटलं, "मग रविवारी संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही करायचा." नवरा, सासरे, मुलगा, तिघांनीही होकार दिला.

रविवारी तिघंही ताटं घेऊन बसले.

"अरे, होकार दिला होता ना?"

"तिथंबी असंच व्हतं, आई. तयार म्हणून कळवतात, पण आत जुनंच चालू ठेवतात."

"मग अशांचं काय करतात?"

"ते मागं राहतात. बाकीचे पुढं जातात."

आता तिघं मागं राहिल्यावर मी एकटी पुढं कुठं जाणार? परातीत पीठ घेतलं.