यांची बसायची जागा

...नाही, पण मी म्हणतो, खुर्ची कुणाची? तुम्हीच सांगा! वेताची, खिडकीजवळची, बैठक माझ्या अंगाच्या बेतानं खोलगट झालेली... निवृत्त झाल्यावर इथं बसून पुस्तकं वाचायची, एवढा एकच बेत आखला होता हो मी आयुष्यात! आणि त्या खोलगट जागेत आता कोण पसरलंय? बोका! आमच्या मुलीचा बोका! तिची बदली झाली, तिथला घरमालक म्हणाला मांजर चालणार नाही, म्हणून हे ध्यान आमच्याकडे, "तात्पुरतं हं बाबा" म्हणून... तात्पुरतं! मी जन्मभर कचेरीत कारकुनी केली आहे, तात्पुरतं म्हणजे काय ते मला विचारा! आमच्या विभागाची तात्पुरती जागा मी नोकरीला लागलो तेव्हा होती, सुटलो तेव्हाही तीच होती!

बरं, वागणं तरी कसं! दार बंद असलं की दारापाशी टाहो, दार उघडलं की हा उंबऱ्यावर उभा, ना आत ना बाहेर, चेहऱ्यावर असा भाव की प्रकरण विचाराधीन आहे. टेबलावरचा पेला माझ्याकडे बघत, माझ्याकडे बघत बरं का, पंजानं हळूहळू कडेला सरकवतो, आणि... खळ्ळ! मी ओरडलो की पंजा चाटत बसतो. आमचे मोठे साहेब अगदी असेच, फाईल दुसऱ्याच्या अंगावर ढकलायची आणि मग चष्मा पुसत बसायचं! मुलीला फोनवर सांगितलं, तर ती काय म्हणाली? "बाबा, समजून घ्या ना त्याला!" समजून घ्या म्हणे! अहो, मी याला समजून घ्यायचं, मग मला कुणी समजून घ्यायचं?

शेवटी निर्वाणीचं सांगितलं, त्या खुर्चीत एक तर मी, नाही तर तो! तर ही, म्हणजे आमची बायको, स्वयंपाकघरातून म्हणते, "मग तुम्ही स्टुलावर बसा की, पाठ तरी ताठ राहील!" आणि मुलीनं काय करावं? मांजरतज्ज्ञ पाठवला! हसू नका, असतात असे लोक, मांजरांचे स्वभाव ओळखण्यावर पोट भरतात. फोनवर म्हणाली, "ते घरी येतील, सगळं विचारतील, मग खुर्ची कुणाची ते तेच ठरवतील. मान्य?" मी म्हटलं मान्य. चौकशी समिती म्हटलं की मी गप्प होतो, अंगवळणी पडलंय.

आला. कोवळी दाढी, खांद्याला पिशवी, आवाज असा की घरात कुणी आजारी असावं. मी म्हटलं, "हा आत्ता इथंच होता, तुमची बेल वाजली आणि आत पळाला." तर हा डोळे मिटून म्हणतो, "काका, 'हा' नको. 'हे' म्हणा. 'हे आत गेले.' मान दिला की त्यांना कळतो." हे तर हे! मी हिला हाक मारली आणि सटकलो आतल्या खोलीत. परकी माणसं मला सोसत नाहीत, त्याला काय करणार? पलंगाखाली बोका, पलंगावर मी, आणि दार अर्धवट लोटलेलं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. लग्न झाल्यापासून या बाईनं माझं नाव घेतलेलं नाही. 'हे', 'यांना', 'यांचं'. अख्खा संसार सर्वनामावर चालवलाय! तर ही हात पुसत बाहेर आली, आणि तज्ज्ञ हळुवारपणे म्हणाला, "काकू, यांचं खाणंपिणं कसं आहे?"

"यांचं? समोर ठेवलं की आधी वास घेतात, मग नाक मुरडतात. आणि माझी पाठ वळली की बशी लख्ख!"

मी मनात म्हटलं, बरोबर, बोका अस्साच करतो.

"दिवसभर काय करतात?"

"वर्तमानपत्रावर असतात. हात लावून बघा, गुरगुरतात."

"घशातून आवाज वगैरे?"

"सकाळी सकाळी घर्र घर्र, अख्खी गल्ली जागी होते!"

"केसांचा गोळा अडकत असेल. केस गळतात का फार?"

"गळायला आता राहिलेत कुठे?"

मी डोक्यावरून हात फिरवला. मग खाली वाकून बघितलं... बोका वर माझ्याकडे बघत होता.

"अरेरे," तज्ज्ञ म्हणाला. "आणि ऑपरेशन झालंय ना यांचं?"

"झालंय की. हर्नियाचं."

बाहेर तज्ज्ञानं काहीतरी लिहून घेतलं. आता मी उठून जायला हवं होतं की नाही? हवंच होतं! पण मी बसूनच राहिलो. आणि खरं सांगू? उत्सुकता हो! आपला गोपनीय अहवाल आपल्याच कानांनी ऐकायला मिळतो का कुणाला?

"हे पहिल्यापासून असेच आहेत?"

"छे! पूर्वी दिवसभर बाहेर असायचे. चार लोक विचारायचे, चार लोक घाबरायचे. आता दिवसभर घरात. विचारायला मी एकटी, आणि मी काही घाबरत नाही."

"हं... आपली हद्द गेली असं वाटतंय यांना. तुम्ही पाठीवरून हात फिरवता का यांच्या?"

मग ही अशा आवाजात बोलली, की तो आवाज मी विसरूनच गेलो होतो. "अहो, काहीतरीच काय विचारता!"

"फिरवा, काकू. कानामागेही खाजवा. अधूनमधून त्यांच्याकडे बघून डोळे सावकाश मिटायचे, म्हणजे प्रेम पोचतं. आणि यांची बसायची जागा मात्र यांचीच राहू द्या. समजून घ्यायचं असतं यांना."

तो गेला. ही आत आली, म्हणाली, "अहो, चला, बसा खुर्चीत." बसलो! चहा आला. समोर उभी राहून माझ्याकडे बघत हिनं डोळे सावकाश मिटले. मी म्हटलं, "डोळ्यात काही गेलंय का?" तर कानामागे... जाऊ द्या, ते सांगण्यासारखं नाही. तेवढ्यात बोका बाहेर आला, खुर्चीत मला बघितलं, जरा विचार केला, आणि उडी मारून माझ्या पोटावर पसरला. वेताच्या खोलगट भागात मी, माझ्यावर तो. निकाल दोघांच्याही बाजूनं!

संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, काय करून ठेवलंत त्याचं? टक्कल? हर्निया? ते तज्ज्ञ बिस्किटं पाठवतायत. रोज एक द्यायचं, केसांसाठी आणि स्वभाव मवाळ व्हायला!" मी म्हटलं, "देतो." दुसरं काय म्हणणार?

बिस्किटं आली. मासळीच्या वासाची. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या चहाच्या बशीत एक! मी म्हटलं, "अगं, ही मांजराची आहेत!"

"माहीत आहे."

"म्हणजे तो कुणाबद्दल विचारत होता ते तुला..."

"मला काय कळत नाही?" ही म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तज्ज्ञ घरी आला होता. तो काय मांजरावर वाया घालवू?"

मी बिस्कीट उचललं. वास घेतला. नाक मुरडलं. परत बशीत ठेवलं.

मग हिची पाठ वळली... आणि तुम्हाला सांगतो, चवीला वाईट नाही हो!