खडकाईच्या वाटेवरची हलकी पिशवी

हं, मंडळी, जरा पुढं सरकून बसा! मागं चपला सांभाळत बसलेत ना, ते सुद्धा! चपला गेल्या तर नव्या मिळतील. वाईच घोटभर पाणी द्या हो कुणी... काय म्हणता? माठ रिकामा? बरं! राहू द्या, राहू द्या. कोरड्या घशानं सांगतो. आजची गोष्टही तसलीच आहे.

तर मंडळी, ऐका. देवाकडं जाताना ओझं टाकून जावं, असं आपण सगळेच सांगतो. मीही सांगतो, याच गादीवर उभा राहून सांगतो! पण टाकायचं ते कुठलं ओझं? आणि न्यायचं कुठलं? कुणी विचारलंय कधी स्वतःला? नाही ना? मग नीट कान द्या.

कऱ्हाडात श्रीरंग खटावकर नावाचे एक गृहस्थ. सराफी पेढीवर कामाला. सोनं तोलायचं, चिमटीनं उचलायचं, रतीभर इकडचं तिकडं झालं की रात्री झोप नाही! माणूस सज्जन, पण पेढीवरचा काटा डोक्यात जाऊन बसलेला. बायकोनं भाजीत मीठ टाकलं तरी ह्यांची नजर चिमटीवर!

अशा माणसाला डोंगर चढायचा नाद लागला. आणि नाद लागला तो कसा? पाठीवरची पिशवी हलकी पाहिजे! दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीनं अर्धी कापली. का? तर वजन कमी होतं! आता सांगा, अर्ध्या दांडीच्या ब्रशनं माणूस दात घासतो की बोटं?

देवी खडकाईचं देऊळ डोंगराच्या माथ्यावर. एक रात्र वर मुक्काम करायचा ठरला. सोबतीला कोण? साडू! विश्वंभरराव. थोरल्या मेव्हणीचे यजमान. अंगानं भरलेले, मनानं मोकळे, आणि हसले की शेजारच्या घरातलं मूल जागं व्हायचं.

मुक्काम म्हटल्यावर पाणी भरून ठेवायला काहीतरी हवं. श्रीरंगराव पुण्याच्या एका दुकानात गेले. तिथं पाण्याच्या घडीच्या पिशव्या मिळतात. भरली की घागर, रिकामी केली की रुमालासारखी घडी! दुकानदारानं दोन पिशव्या पुढं ठेवल्या.

"साहेब, ही घ्या. रुंद तोंडाची आहे, कुठंही भरता येते."

"आणि ही?"

"ही सगळ्यांत हलकी. पण तोंड बारीक आहे, वरून नळाची धार लागते हिला."

श्रीरंगरावांनी खिशातून काय काढलं असेल? काटा! पेढीवरचा छोटा काटा! दुकानात तोलल्या हो दोन्ही पिशव्या! फरक किती? बायकोच्या कानातल्या कुड्यांएवढा! "हीच द्या," म्हणाले. "पाणी कुठंही भरता येईल, वजन कुठं ठेवू?"

निघताना थोरल्या मेव्हणीनं, कुमुदताईंनी, दारात थांबवलं. "श्रीरंगराव, ह्यांना ऊन अजिबात सोसत नाही. जसे नेताय तसे परत आणा हं."

"अहो ताई, काळजी कसली! माझ्यावर सोपवा."

सोपवलं! मंडळी, हा शब्द ध्यानात ठेवा. कुणाचा नवरा कुणाच्या हातात सोपवलाय, हे तेवढं विसरू नका.

चैत्राचं ऊन. पायथ्याच्या वाडीत सोनाक्का नावाची बाई राहते. डोंगर चढणारा प्रत्येक जण तिच्या आडावर थांबतो. का? तर तिथली रीत आहे. अर्ध्या वाटेवर एका कपारीत रांजण पुरलेला आहे. वर जाणाऱ्यानं खालून एक तांब्या पाणी जास्त न्यायचं आणि त्या रांजणात ओतायचं. स्वतः प्यायचं नाही. ते मागून येणाऱ्याचं! कुणी लिहून ठेवलेलं नाही, कुणी दंड करत नाही. पण वाडीतलं कुणी ते चुकवत नाही.

विश्वंभररावांनी आपल्या पोतडीतून स्टीलचा भलामोठा तांब्या काढला आणि आडात पोहरा सोडला. श्रीरंगरावांनी तांब्या हातात घेतला. नुसता हातात घेतला आणि वजन कळलं! "दादा, हा धोंडा वर नेणार तुम्ही? ठेवा इथंच! डबा ठेवा, पेला ठेवा. माझ्याकडं पिशवी आहे ना! चढण्यापुरतं घोट-दोन घोट घेऊ तिच्यात, आणि वरच्या टाक्यावर भरू. देवीचं टाकं बारमाही आहे, सगळे सांगतात."

सोनाक्का म्हणाली, "दादा, रांजनात वताया तरी न्या की वाईच. ऊन लई हाय, वाटंत कुनाला लागंल."

"अहो मावशी, वर चढताना कशाला न्यायचं? उतरताना वरून भरून आणतो! उताराला वजन लागत नाही."

हुशारी बघा! हिशेब चुकला का? नाही! हिशेब अगदी बरोबर! पेढीवरचा माणूस! सोनाक्कानं फक्त तांब्या पदराखाली घेतला आणि म्हणाली, "बरं, ठिवते. येताना न्या."

चढले. पहिल्या टप्प्यातच पिशवीतलं पाणी संपलं. रांजणाशी पोचले, विश्वंभररावांनी आत हात घातला. तळाशी ओंजळभर होतं. ते त्यांनी प्यायलं. आणि आता रांजण कोरडा! त्या दिवशी त्यांच्या पुढं गेलेलेही बहुतेक असलेच हिशेबी असावेत.

अजून चढ. कातळ तापलेला. हात टेकला तर चटका! मघापर्यंत विश्वंभरराव गप्पा मारत होते. मग एकेक शब्द. मग तेही नाही. श्रीरंगरावांनी मागं वळून बघितलं, तर साडू कातळाला टेकून बसलेले. तोंड लालबुंद आणि अंगावर घामाचा टिपूस नाही!

"दादा! अहो दादा!"

"कुमुद... पंखा लाव गं..."

मंडळी, श्रीरंगरावांची पाचावर धारण बसली! पंखा लाव म्हणतोय माणूस, डोंगराच्या उघड्या कड्यावर! फोन काढला, रेंज नाही. वाडी गाठून परत यायला अर्धा दिवस जाईल. वरचं टाकं त्यापेक्षा जवळ. त्यांनी साडूला ओढत एका दगडाच्या सावलीत टेकवलं, डोक्यावर आपला शर्ट टाकला आणि बनियनवर धावत सुटले!

टाक्याशी पोचले. वाकून बघितलं. आत काय? चिखलाचे पोपडे! बारमाही टाकं — कोरडं!

देवीच्या दारात बसला हो तो माणूस आणि रडला. "आई, मी काय करू? ताईंना काय सांगू?" आणि रडता रडता कानाला ऐकू आलं — टप्. थांबलं. पुन्हा — टप्.

टाक्याच्या मागं कातळाला चीर होती. तिच्यातून पाणी पाझरत होतं, आणि खाली एक खळगा, तळहात बुडेल एवढा. स्वच्छ पाणी! थंड!

काढली पिशवी. लावली खळग्याला. आणि...? आत पाणी जाईना! अहो, जाणार कसं? बारीक तोंड, त्यात हलकी पिशवी, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. फुंकून फुगवली, पुन्हा बसली. बुडवावी तर खळगा एवढासा. ओंजळीनं ओतावं तर पिशवी धरायला तिसरा हात कुठून आणायचा? पाणी तोंडावरून ओघळून मातीत! मंडळी, समोर पाणी आहे, हातात भांडं आहे, आणि खाली माणूस मरतोय!

आता तुमच्यातला कुणी म्हणेल, महाराज, बूट नव्हता का त्याच्या पायात? होता की! पण जाळीचा! हलका नको का?

एकट्याला प्यायचं असतं तर ओंजळ पुरली असती. खाली बसून मनसोक्त प्याला असता. पण साडूपर्यंत ओंजळ कशी न्यायची? त्या क्षणी त्या माणसाला सोनाक्काचा पदराखालचा तांब्या दिसला. डोळ्यांपुढून हलेना! "धोंडा" म्हणाले होते ना त्याला?

मग त्यांनी खिशातून चाकू काढला. ज्या पिशवीचं वजन काट्यावर तोललं होतं, ती ताणून धरली आणि बारीक तोंडासकट वरचा सगळा भाग कापून टाकला! सर्रकन! आता झालं रुंद तोंड. खळग्यात तिरकी धरली, तशी पिशवी भरायला लागली. भरेना भरेना, पण भरली!

पण आता झाकण नाही. पाठीवर टाकता येत नाही. दोन्ही हातांनी कडा गोळा करून धरायची आणि तसंच उतरायचं! एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. एका जागी हातांनी धरून उतरावं लागतं, तिथं काय करणार? पिशवीच्या कडा दातांत धरल्या! कातळाला पाठ घासत, बसत, सरकत खाली! पाठीची सालटं निघाली. ओठाला पाणी लागतंय, जीभ घशात ओढली गेलीय, पण गिळत नाही! सोपानराव, जरा पखवाज थांबवा हो. इथं ताल नको. इथं त्या माणसाचा श्वास ऐका.

पोचले. साडूचे डोळे अर्धे मिटलेले. श्रीरंगरावांनी शर्ट भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला, काखेत ठेवला. बोट बुडवून ओठ ओले केले. "दादा, डोळे उघडा. दादा, मी ताईंना शब्द दिलाय हो!" काही नाही. पुन्हा ओठ ओले केले. काही नाही. पुन्हा — आणि विश्वंभररावांची जीभ हलली! एक घोट गेला. मग दुसरा. बऱ्याच वेळानं डोळे उघडले आणि पहिला शब्द काय बोलले माहीत आहे?

"श्रीरंगराव... तुम्ही प्यालात का?"

आणि श्रीरंगरावांच्या ध्यानात आलं — आपण प्यालोच नाही! खळग्याशी बसून, दोन्ही हात पाण्यात घालून, प्यायचं राहूनच गेलं!

मंडळी, पाठ सोललेली, घसा कोरडा, पायात गोळे. पण नंतर कधी विचारलं तर ते सांगायचे, की आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढं? पुढं ऊन कलल्यावर विश्वंभरराव उठून बसले. श्रीरंगराव आपला घोट पिऊन पुन्हा वर निघाले. ती उघडी पिशवी भरली, दोन्ही हातांत धरून खाली आणली, आणि साडूच्या समोरून पुढं गेले! "अहो, कुठं चाललात?" खाली कपारीशी गेले आणि रांजणात ओतली. पुन्हा वर. पुन्हा खाली. ज्याला चमचाभर वजन जास्त नको होतं, तो माणूस सावल्या लांब होईपर्यंत पाणी वाहत होता!

"श्रीरंगराव, आता कुणासाठी?"

"मागून कुणी येईल ना, दादा."

मुक्काम राहिला बाजूला. सावकाश, हाताला धरून, साडूला वाडीत आणलं. सोनाक्का दारातच उभी. आडाचं ताजं पाणी भरून तांब्या पुढं केला आणि सहज विचारलं, "दादा, रांजनात वतलं का?"

श्रीरंगरावांना "होय" म्हणता आलं असतं. खरंच होतं ते! पण तांब्या हातात घेतला मात्र, आणि तो जड तांब्या छातीशी धरून लेकरासारखे रडले. "मावशी, उतरताना ओतलं हो. चढताना ओतायला हवं होतं!"

आजही त्या रांजणाशेजारी कपारीत ठोकलेल्या खुंटीला कापलेली पिशवी अडकवलेली आहे म्हणतात. वाडीची माणसं तिनंच पाणी काढतात.

तर मंडळी, मिळालं उत्तर? ब्रशची दांडी टाका, खुशाल टाका! मानपान टाका, मी-मी टाका! पण दुसऱ्याच्या तहानेचं ओझं वाटेत उतरवून ठेवू नका. "येताना करू" म्हणू नका. तहान तुमच्या येण्याची वाट बघत नाही.

माना डोलावताय! छान! डोळे पण पुसताय! मग आता एक सांगा. मघाशी मी पाणी मागितलं, तेव्हा माठ रिकामा होता. दारातून तुम्ही एवढे सगळे आत आलात. माठ कुणालाच दिसला नाही? आड देवळामागं आहे. घागर तिथंच पालथी आहे, मी येताना बघितलीय.

आरती नंतर. प्रसाद नंतर. सोपानराव, पखवाज खाली ठेवा. मी इथं उभा आहे, घसा कोरडा आहे. कोण उठतंय, बघतो.