जास्तीचा पेला

हसणार असाल तर सांगत नाही. दादा वारल्यावर त्याच्या स्टुटगार्टच्या विद्यार्थी ग्रुपने वाळवंटातल्या सहलीत त्याच्या जागी मला नेलं. ज्यूंचा पेसाख सण होता आणि जेवण एका आजीबाईंकडे. त्यांनी सगळ्यांना वाइन दिली, एक जास्तीचा पेला भरला आणि दार उघडायला लावलं. त्या पेल्याला कोणी हात लावेना. मला वाटलं, आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो तसं हे दादासाठी ठेवलंय. डोकंच फिरलं. पेला उचलून बाहेर वाळूत ओतला.

"माझा दादा दारूला शिवत नव्हता!"

दादाच्या लॅबमधली सायली दबक्या आवाजात म्हणाली, "अरे वेड्या, तो त्यांच्या प्रेषितासाठी असतो. घरोघरी ठेवतात."

कुठे तोंड लपवू असं झालं. आजीबाईंनी सायलीकडून सगळं समजून घेतलं, पेला पुन्हा भरला आणि तिच्यामार्फतच मला विचारलं, "तुझा दादा काय प्यायचा?"

"चहा."

त्यांनी पेल्याशेजारी चहाचा कप ठेवला आणि साखरेचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मी दोन चमचे घातले.

सायली खाली बघत म्हणाली, "स्टुटगार्टला आल्यापासून तो बिनसाखरेचाच प्यायचा रे."

मी ढवळत होतो.