हळदीच्या दिवसाचं दुखणं

आमी डोणगावकडले, बापजाद्यापासून भाजीवाले, वांगे, मिरच्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर लावाची अन् बाजारात न्याची. तेविसाव्या वर्षी माह्यं लगन जमलं, आमच्याच दारात होतं. काय सांगू भाऊ तुमाले, हळदीच्या दिवशीच घात झाला. हळद लागली, पाटावरून उठलो, तं खाली जांघेत, डाव्या गोटीत अशी कळ आली का डोयापुढं अंधारी, वरून उलटी.

आता घरभर बाया, आत्या, मावश्या, कोणाले सांगू कुठं दुखते? माय म्हणे काय झालं रे, म्या म्हटलं पोट दुखते. तितलंच खोटं बोललो. माय म्हणे नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. काका म्हणे बेंबी सरकली, पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला, तांब्या चिकटला, सारे खुश. माहा भाऊ तेवढा म्हणे मेहकरले दवाखान्यात नेतो, तं आत्या अंगावरच आली, हळद लागलेला नवरदेव शिवेबाहेर जाते काय बे? मी बी दात दाबून पडलो. दुसऱ्या दिवशी फेंगडा चालत बोहल्यावर गेलो, लोक हासले.

लगन लागल्यावर मेहकरले गेलो. गोटी सुजून काळी पडली होती. डॉक्टर म्हणे, दुखाले कारणं लय असतात, मार लागते, जंतू होतात, आतडं खाली उतरते, मुतखड्याची कळ बी खाली येते, पण अशी एकाएकी कळ अन् उलटी म्हणजे गोटीले पीळ पडला, रक्त बंद, पाच-सहा घंट्यात आला असता तं वाचली असती. काढून टाकली. म्हणे एकीवर बी लेकरं होतात, भेऊ नको, नाई झालं तं तपासाले ये.

नाई झालं. अन् मी तपासाले गेलो नाई, लाज वाटे. गावानं वांझ म्हटलं ते माह्या बायकोले, शांताले, पयले माह्या मायनंच म्हटलं, मी बाजूच्या खाटीवर आयकत होतो, तोंड नाई उघडलं. शांताले सारं माहीत होतं. तिनं नवस केले, उपास केले, पण माह्यं नाव कोणाजवळ नाई काढलं. तिची जिंदगी म्या खराब केली, भाऊ, दुसऱ्या कोणी नाई.

आज बी गावात हळद असली का तिले कोणी लावाले बोलवत नाई. मी जातो. नवरदेवाच्या कानाशी बसतो, म्हणतो बाप्पा, खाली दुखलं, सुजलं, गाठ लागली, तं पोट नको सांगू, जागा सांग, माही मोटरसायकल दारात उभी आहे, शीव मोडल्याचं पाप माह्यावर. पोट्टे हासतात. हासा म्हणतो, सुखी राहा.

घरी आलो का शांता मिरच्या निवडत बसलेली असते. इचारते, कशी लागली हळद? मी म्हणतो, चांगली लागली.